टॅबलेट घ्यायचा का?

प्रश्न: मुलीला कमी दिसतं. शाळेतले म्हणतात अभ्यासाला टॅबलेट विकत घेऊन टाका. घेऊ का?

उत्तर: थांबा जरा. अपंग विद्यार्थ्यांसाठी साधनं कशी निवडायची याची जॉय झबाला या तज्ज्ञांची 'सेट' नावाची पद्धत आहे, त्यात आधी विद्यार्थी, मग आजूबाजूची परिस्थिती, मग कामं आणि शेवटी साधनं बघतात, आपल्याकडे बहुतेकदा नेमकं उलटं होतं. तिला फळ्यावरचं दिसत नाही की पुस्तकातलं, की दिसतं पण थोड्या वेळात डोळे दुखतात? फळ्यासाठी कॅमेरा झूम करून चालेल, पुस्तकाला साधं भिंगही पुरतं कधीकधी, आणि डोळेच थकत असतील तर ऐकून वाचायचं, कॉम्प्युटरवर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे. तिलाही विचारा हो, वर्गात वापरायची लाज वाटली तर महागडी वस्तू दप्तरातच राहते. जमलं तर उसनं आणून रोजच्या अभ्यासात वापरून बघा, मग खरेदी.