स्केचबुक आधी जागेवर ठेवा

शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या एका वडिलांचं पत्र. मुलगी बारावी सायन्सला. कोल्हापुरात दसरा चौकात एका कलाकाराचं एकल प्रदर्शन बघून आली: आईच्या जुन्या साडीवर फिरणारा व्हिडिओ, लहानपणापासूनचे फोटो, वयागणिक बदलत गेलेल्या स्वतःच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. मी कोण होते आणि कोण होत गेले, एवढाच विषय. तेव्हापासून मुलगी म्हणते, मला हेच करायचंय. वडील लिहितात, "पोरगी खुळ्यासारखी स्वतःचीच चित्रं काढतीया. मल्टिमीडियाचा कोर्स लावून देतो, पण आधी तिचं डोकं ताळ्यावर आणा." सोबत तिच्या स्केचबुकमधल्या चौदा पानांचे फोटो.

साहेब, मी दोन फोटो बघितले आणि बाकीचे न उघडता पुसून टाकले. ती पानं तिनं मला दाखवलेली नाहीत. ती झोपल्यावर वही उघडली, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि जेईईच्या टेस्टवर दीड पान लिहिलंत. मला टेस्टचं काही वाटलं नाही. सतरा वर्षांची मुलगी स्वतःला कधी केस कापून, कधी तुमचा कारखान्यातला खाकी कोट घालून काढते, त्यावर तुम्ही मला विचारता, "हिला मुलगा व्हायचंय की काय?" मला कसं माहीत असणार? कदाचित तिला कारखाना चालवणारं माणूस व्हायचं असेल. कदाचित दुसरंच काही असेल. तिलाही अजून उमगलं नसेल, म्हणून तर काढून बघतेय. चित्रावरून निदान मी करत नाही, तुम्हीही करू नका. उत्तर जे असेल ते तिनं सर्वांत आधी तुम्हाला सांगावं असं वाटत असेल, तर चोरून वही वाचणं आजपासून बंद.

आता तो कोर्स. आपल्याकडे मल्टिमीडिया म्हटलं की ॲनिमेशन, व्हीएफएक्स, एडिटिंगचा क्लास डोळ्यांसमोर येतो. तिथं सॉफ्टवेअर शिकवतात, ते उपयोगाचंही आहे, त्यावर नोकरी मिळते. पण तिनं पाहिलेली कलाकार 'मल्टिमीडिया' आहे ती सांगायच्या गोष्टीला चित्र पुरलं नाही म्हणून आवाज, आवाज पुरला नाही म्हणून कापड घेते, या अर्थानं. कोल्हापूरला यात नवल वाटायचं कारण नाही. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं केली, सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि 1920 मध्ये आपला मूकपट पडद्यावर आणला. त्यांना कुठल्या क्लासला घातलं असतंत?

रस्ते नेहमीचेच: बीएफए म्हणजे कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेशपरीक्षा, डिझाइनकडे ओढा असेल तर आयआयटीवाल्यांची यूसीड किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट. गावात कलानिकेतन आणि दळवीज ही कला महाविद्यालयं आहेत, बाहेर मुंबईचं जे. जे. आणि बडोद्याची फाइन आर्ट्स. सायन्स आड येत नाही.

पैशाचं तिलाही स्पष्ट सांगा. पहिलं एकल प्रदर्शन म्हणजे खर्चच: दालनाचं भाडं, फ्रेमा, प्रोजेक्टर. शिकवणं, ऑर्डरप्रमाणे करून दिलेली कामं, डिझाइन करूनच बहुतेक कलाकारांचं घर चालतं. हे ऐकूनही ती ठाम राहिली, तर तिचं मन खरंच त्यात आहे असं समजा.

आणि तिला एकदा फौंड्रीत न्या. पॅटर्न, मोल्ड, भट्टी, ओतकाम सगळं नीट दाखवा. चित्रात कोट तुमचा आहे. तुम्ही तिला तिथं शेवटचं कधी नेलं होतं?

नंतर दोघं माझ्याकडे या. पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही बाहेर थांबायचं. खाली टपरीवर चहा बरा मिळतो.