धनेश आणि शेकरू: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या देवराईत धनेशही आहे आणि शेकरूही. उंच झाडावर काटक्यांचा मोठा गोळा दिसतो, तो कुणाचा?

शेकराचा. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी काटक्यांचं घरटं बांधतच नाही. शेकरू डहाळ्या आणि पानं गुंफून शेंड्याकडच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात गोल घरटं करतं. जड शिकारी तिथवर पोचत नाही. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात, म्हणून पाच गोळे दिसले की पाच शेकरं धरू नका. धनेशासाठी जुन्या बेहड्याच्या खोडातली ढोली पाहा. विणीत मादी आत बसून विष्ठा आणि फळांच्या गराने ढोलीचं तोंड लिंपते. चोच जाईल एवढीच उभी फट उरते.

प्रश्न: दोघंही फळं खातात. मग बिया दोघंही पसरवतात का?

इथे दोघांची बरोबरी होत नाही. धनेश फळ अख्खं गिळतो आणि मोठी बी नंतर दूर कुठेतरी ओकून टाकतो. बी शाबूत राहते. शेकरू पुढच्या पंजांत फळ धरून कुरतडतं, बीसुद्धा फोडून खातं. झाडाखाली दातांच्या खुणा असलेली टरफलं पडली असतील तर वर शेकरू आहे. ढोलीखाली मात्र साफ बियांचा खच आणि पावसाळ्यात रोपं दिसतात.

प्रश्न: मुलांना धनेशाचं घरटं दाखवायचं आहे. किती जवळ जावं?

निदान 50 मीटर लांब, झाडोऱ्याआड बसा. नर गळ्यात उंबरं साठवून आणतो आणि एकेक ओकून मादीला भरवतो. खाली माणसं दिसली की तो लांबच्या फांदीवर नुसता बसून राहतो आणि आत मादी व पिल्लं उपाशी राहतात. महाधनेशाची (धनेशाची एक मोठी जात) मादी या काळात उडण्याची पिसं टाकते, त्यामुळे तिला स्वतः बाहेर पडून खाणं शोधता येत नाही.

प्रश्न: पाखाडी (दगडी पायवाट) रुंद करताना काही झाडं जाणार आहेत. कोणती वाचवावीत?

आधी ढोलीची झाडं, पोकळ आणि ‘निकामी’ दिसली तरी. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, आणि तेवढी मोठी ढोली व्हायला झाड खूप जुनं असावं लागतं. नवीन रोप लावून ती भरपाई आपल्या हयातीत होत नाही. मग वड, उंबर, पिंपळ.

शेकरासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या वर भिडलेल्या ठेवा. ते सहाएक मीटर उडी मारतं, पण त्याला उडत्या खारीसारखा तरंगायला कातडीचा पडदा नसतो. अंतर वाढलं की त्याला जमिनीवर उतरावं लागतं आणि तिथे कुत्री असतात.