गामा नाइफसाठी २२ गुंठे विकू का?

कराडहून एका ताईंनी लिहिलंय: यजमानांची उजवी किडनी ३ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढली. गेल्या महिन्यात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बिल लिहिताना त्यांचं अक्षर ओळीखाली घसरू लागलं. एमआरआय केला तर मेंदूत दोन गाठी निघाल्या, मोठी १८ मिलिमीटरची. पुण्याच्या डॉक्टरांनी गामा नाइफ यंत्राने रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर नेमका रेडिएशनचा मारा) सांगितली आहे, खर्च ४,६०,००० रुपये. घरात २-२ लाखांच्या ३ ठेवी, ताईंच्या पीपीएफमध्ये ७ लाख, १४ तोळे सोनं आणि २०१६ पासून चालू असलेली ५ लाखांची मेडिक्लेम आहे. मुलगी इंजिनिअरिंगला. दीर म्हणतात, मसूर रोडचे २२ गुंठे विकून मोकळे व्हा. नणंद म्हणते, आता डोक्यात गेलंय, स्वस्तातले रेडिएशनचे शेक द्या. काय करू?

ताई, जमीन आत्ता विकू नका. रेडिओसर्जरी मात्र टाळू नका.

नणंदबाईंचं आधी घेतो. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा, पण ‘स्वस्त’ हा शब्द आला की मला बोलावं लागतं. किडनीचा कॅन्सर रोज थोड्या थोड्या दिलेल्या रेडिएशनला फारशी दाद देत नाही, हा जुना अनुभव आहे. रेडिओसर्जरीत बहुधा एकाच बैठकीत गाठीवर मोठा डोस एकवटतात, २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला साधारण २० ते २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), आणि त्याला हा हट्टी कॅन्सरही चांगला नमतो. १ ते ३ गाठी असलेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत रेडिओसर्जरीला संपूर्ण मेंदूच्या रेडिएशनची, म्हणजे अशाच शेकांची, जोड दिली, तेव्हा आयुष्य वाढलं नाही, स्मरणशक्ती मात्र जास्त घसरली. दुकानदाराची निम्मी उधारी डोक्यात असते. तिथे ही बचत मला परवडणारी वाटत नाही.

आता तुमची पॉलिसी काढा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाच्या २०१९ च्या नियमांत १२ आधुनिक उपचारांची यादी आहे, ते विम्यातून वगळता येत नाहीत. त्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी, म्हणजे तुम्हाला सांगितलेलाच उपचार, नावानिशी आहे. इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारी) इंजेक्शनं आणि तोंडाने घ्यायची केमोथेरपीही आहे. पण कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते, म्हणून ‘मॉडर्न ट्रीटमेंट’चं कोष्टक शोधा. समजा तिथे ५० टक्के लिहिलंय. मग विम्याचे २,५०,००० आणि तुमचे २,१०,०००. एक ठेव मोडा, वरचे १० हजार बचत खात्यातून द्या. जमिनीचा प्रश्नच येत नाही. पॉलिसीला ५ वर्षांहून जास्त झालीत, त्यामुळे फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून दावा नाकारता येणार नाही. नूतनीकरणाचा हप्ता एक दिवसही चुकवू नका. दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण अडवू शकत नाही, आणि नव्या वर्षाला नवे ५ लाख मिळतात.

बाकीचे पैसे राखायला सांगतोय, कारण मोठा खर्च पुढे आहे. दर २-३ महिन्यांनी मेंदूचा एमआरआय. दुसरीकडे नवी गाठ दिसली तर पुन्हा बैठक. उपचार केलेल्या जागी सूज आली तर स्टेरॉइड. शिवाय शरीरातल्या कॅन्सरसाठी गोळ्या किंवा इम्युनोथेरपी महिनोन्‌महिने, दुकान अर्धवेळ, मुलीची फी. ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञांना, महिन्याचा आकडा कागदावर लिहून मागा, संकोच करू नका. किडनीच्या कॅन्सरवरच्या सुनिटिनिब, पाझोपानिब यांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात; कोणती चालेल ते विचारा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणतं पॅकेज बसतं तेही विचारा. केशरी-पांढऱ्या रेशन कार्डाचा विचार करून मागे फिरू नका, योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे.

पुढे गरज लागली तर आधी पीपीएफमधून काही रक्कम काढा. जोडीदाराच्या गंभीर आजारासाठी ५ वर्षांनंतर खातं बंद करता येतं, पण व्याज १ टक्क्याने कमी धरतात. सातव्या वर्षापासून अंशतः काढायची सोय आहे, तिला असा फटका नाही. त्यानंतर सोन्यावर कर्ज. जमीन सगळ्यात शेवटी, कारण घाईचा विक्रेता समोरच्याला लगेच कळतो.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात सही जुळत नाही म्हणून बँकेने ३ वेळा चेक परत केला, आणि सही करणारा माणूस समोरच खुर्चीत बसला होता. त्याचाही हात मेंदूतल्या गाठीमुळेच कापत होता. तुमच्या यजमानांचं अक्षर आधीच घसरलंय. बँकेत नवा सही-नमुना द्या, खाती दोघांच्या नावे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही एक किंवा मागे राहील तो व्यवहार करू शकेल अशी) करा, ठेवींचं नामनिर्देशन तपासा. सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून मृत्युपत्र नोंदवून घ्या. हे बोलणं जड जाईल, मला कळतंय. सुरुवात उधारीच्या वहीपासून करा: संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, कुणाकडे किती येणं आहे ते त्यांना सांगू द्या आणि तुम्ही लिहून घ्या.