बायपोलर आहे, तरी सायकॉलॉजिस्ट व्हायचंय

ऐरोलीच्या मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: वय २२, सायकॉलॉजीत बी.ए., दीड वर्षापूर्वी बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद (अनावर उत्साह) तर कधी नैराश्य अशा आजाराचं निदान, त्यावरची लिथियमची गोळी चालू. एम.ए. करून याच क्षेत्रात यायचंय. आई म्हणते, आधी स्वतःचं निस्तर. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की लिथियममुळे वाचलेलं डोक्यात राहत नाही, "आता मला माझी लक्षणं ओळखता येतात", तर परीक्षेपुरतं बंद केलं तर चालेल का.

मी सतरा वर्षं ठाण्यात काउन्सेलिंग करतेय आणि त्याच्याही आधीपासून बायपोलर टाइप वन, म्हणजे पूर्ण उन्माद येणारा प्रकार, आहे. माझी मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून अगं-तुगं करते. सायकॉलॉजिस्ट होता येतं का? येतं. पण मला भीती वाटली ती तुझ्या शेवटच्या वाक्याची.

के रेडफील्ड जेमिसनचं नाव अभ्यासात आलं असेल, अमेरिकन सायकॉलॉजिस्ट, तिला स्वतःलाही बायपोलर. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसोपचार विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाली आणि तीन महिन्यांत पूर्ण उन्मादात गेली. या आजाराची इतकी जाणकार बाई, पण तिनेसुद्धा लिथियम पुन्हा पुन्हा सोडलं. एकदा जिवावर बेतलं. पुढे १९९० मध्ये फ्रेडरिक गुडविनबरोबर तिने या आजारावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि स्वतःच्या आजाराबद्दलचं आत्मकथन छापलं १९९५ साली, म्हणजे नोकरीला लागल्यावर वीसेक वर्षांनी. लिथियमच्या जास्त डोसमुळे तिलाही कित्येक वर्षं नीट वाचता येत नव्हतं. डोस कमी केल्यावर वाचन परत आलं. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं.

आता माझं. २०११ च्या मार्चमध्ये मी गोळ्या बंद केल्या होत्या. कारण तुझंच, "मला कळतं की". त्या आठवड्यात मी नर्सिंगच्या मुलींना उन्मादाची लक्षणं शिकवत होते. फळ्यावर "झोपेची गरज कमी होणे" असं माझ्याच हाताने लिहिलं, आणि रात्री झोपत होते दोन-अडीच तास. ते वाक्य माझ्याबद्दल असेल असं मनाला शिवलंसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी गावदेवी मार्केटमधून सोळा माठ घेतले, प्रत्येक पेशंटला गार पाणी मिळावं म्हणून. तेव्हा माझ्याकडे आठवड्याला पाच पेशंट यायचे! नवऱ्याने टोकलं तर मी त्याला निदानाचे निकष तोंडपाठ म्हणून दाखवले आणि एकेक खोडून काढला. तो बिचारा बँकेतला माणूस, काय बोलणार? आपलं शिक्षण अशा वेळी आजाराचंच वकीलपत्र घेतं. तीन आठवड्यांनी अ‍ॅडमिट झाले.

म्हणून आता गोळी बंद करायची की नाही, सेशन घ्यायची की नाही, हे मी एकटी ठरवत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, मी बरी असताना माझ्याच अक्षरात लिहिलेली. लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप. रात्री अकरानंतर लोकांना फोन. मध्यरात्री डबे रिकामे करून पुसायला काढणं. यातलं काहीही दिसलं की नवरा माझ्या डॉक्टरांना फोन करतो, मला न विचारता. माझ्या सुपरव्हायजर बाईंना, म्हणजे माझ्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या ज्येष्ठ काउन्सेलरना, तर सरळ "थांब" म्हणायची मुभा आहे. जेमिसननेही घरच्यांशी आणि डॉक्टरांशी असंच ठरवून ठेवलं होतं, की पुन्हा तीव्र नैराश्य आलं तर तिची इच्छा नसली तरी तिला दाखल करायचं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात यासाठी अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्हची सोय आहे: कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोण बोलणार, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. आईला घेऊन बस आणि लिही. आईच्या मनातली अर्धी भीती त्या कागदावरच बोलून होईल.

लिथियमचं. एकदम बंद केलंस तर उन्माद उलटण्याची शक्यता फार. वाचन जमत नाही, हात थरथरतो, हे डॉक्टरांना सांग आणि रक्तातली लिथियमची लेव्हल काढ. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या त्याच बरोबर. मे महिन्यात लोकलमध्ये घाम निथळतो तेव्हा पाणी कमी पडू देऊ नकोस, आणि नवरात्रात निरंकार उपवास नकोत, पाणी-मीठ कमी झालं की लेव्हल चढते. पाळीच्या दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घ्यायची नाही, तिनेही चढते.

कुणाला सांगायचं? कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुला आहे. "हिला ठाण्याला पाठवा" हा विनोद मी ऐन ठाण्यात राहून ऐकलाय, स्टाफरूममध्येही. वर्गात सांगायची घाई नको. सुपरव्हायजरला मात्र सांग, आणि सुपरव्हायजर नीट बघून निवड. पेशंटना मी सांगत नाही. तो तास त्यांचा असतो.

गेल्या वर्षी बाईंनी मला दोन आठवडे सेशन बंद ठेवायला लावली. मी चिडले, भांडले, माझी झोप व्यवस्थित आहे म्हणून वही दाखवली. त्या हलल्या नाहीत. मला अजूनही वाटतं की तेव्हा मला काही झालेलं नव्हतं. पण अकरा जणांना फोन केले आणि बंद ठेवली.

तू शेवटची लेव्हल कधी काढलीस, तेवढं कळव.