चासी ओढून घ्यावी की नवी टाकावी? आधी टाकी उतरवा

तुमची सहा वर्षांची १५० सीसी गाडी रात्री मोहोळजवळ उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. आता हँडल सरळ धरलं तरी ती डावीकडे जाते. गॅरेजवाला म्हणतो चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, ओढून सरळ करून देतो, शोरूमवाले म्हणतात बदलाच. तुम्ही त्यातून सुखरूप वाचलात, हे सगळ्यात महत्त्वाचं. गाळप सुरू झालं की बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांवर आदळलेल्या गाड्या आमच्या गॅरेजला येतातच, आणि दरवेळी जीव कळवळतो.

गाडीला पूर्ण विमा असेल तर आधी क्लेम नोंदवा आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक नटही खोलू देऊ नका. नुसता थर्ड पार्टी असेल तर खर्च तुमचाच.

गाडी एका बाजूला जाते म्हणजे चासीच वाकली, असं नाही. पुढून मार बसला की बऱ्याचदा पुढच्या शॉकअपचे पाइप टीमध्ये, म्हणजे दोन्ही पाइप धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये, फिरतात. टीचे बोल्ट ढिले करून चाक सरळ केलं की तेवढ्यावरही भागतं. पाइप बाहेर काढून जाड काचेवर फिरवून बघायला सांगा. वाकलेला असेल तर पाइपाखाली फट उघड-मीट होते. मग रिम, टी आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) तपासायचा. हे सगळं ठीक निघालं किंवा नीट करूनही गाडी डावीकडे जातच राहिली, तर चासीवर संशय घ्यायचा.

त्यासाठी पेट्रोलची टाकी उतरवा. हँडलची टी ज्या नळीत बसते ती चासीची मान. तिच्या खाली, पुढचा पाइप जिथे जोडलाय तिथे रॉकेलचं फडकं मारून बॅटरीच्या उजेडात बघा. रंगाला आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असतील किंवा पापुद्रा सुटला असेल, तर आतलं लोखंड दबलंय. जोडाला तडा आहे का हे डाय टेस्टने कळतं: लाल रंग मारायचा, पुसायचा, वरून पांढरा स्प्रे मारायचा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाला ओळखीचा असेल तर त्याला विचारा.

मान दबली किंवा तडकली असेल तर मी ओढायला सांगणार नाही. मान मागे गेली की पुढचं चाक इंजिनाजवळ येतं आणि वेगात हँडल उड्या मारायला लागतं. त्यात गॅस लावून, लालबुंद करून ओढली तर तिथला पाइप कायमचा नरम पडतो. तुम्ही रोज हायवेने पुण्याकडच्या ट्रकांमधून जाता. तिथे ही जोखीम नको. फक्त मागची, सीटखालची पट्टी किंवा फूटरेस्टचा ब्रॅकेट वाकला असेल तर मात्र खुशाल सरळ करून घ्या, तिथे नव्या चासीचा खर्च वायाच.

बदलायचं ठरलं तर भंगारातली चासी आणू नका. तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो, ती चोरीची निघाली तर पोलीस तुमच्या दारात येतील. जुनी मान कापून दुसऱ्या चासीला जोडणारेही भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नवी चासी कंपनीकडून बिलासकट घ्या, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी, नंबर कोरणं आणि आरसीवरची नोंद यांचं विचारून घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

पैशाचं गणित आधीच मांडा. तुमच्या गाडीच्या वयाला धातूच्या पार्टवर ४० टक्के आणि प्लास्टिक-रबरवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे क्लेम मंजूर झाला तरी खिशातून बरेच जातील. दुरुस्तीचा अंदाज पॉलिसीवरच्या आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नसलेली, धरतात. तसं झालं तर गाडीत जीव गुंतला असला तरी पैसे घेऊन मोकळे व्हा.

टाकी उतरवल्यावर मानेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून इथे टाका, चासी नंबर तेवढा झाका. बघून सांगतो.