पाठ केलेले शब्द ऐन वेळी कुठं जातात?

‘मॅडम, माझी व्होकॅब कच्ची आहे.’ परभणीत समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता समोरच्याच्या हातातली वही बघूनच पुढचं बोलणं ओळखू येतं. अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरणारी स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, एम.ए.ला आल्यावर पहिल्यांदा इंग्रजी संदर्भग्रंथ उघडलेल्या मुली असतात, पीएच.डी.च्या मुलाखतीची तारीख आलेले तासिका तत्त्वावरचे सर असतात. इंग्रजी बातमी वाचली तर सगळ्यांना कळते. लोकशाही, पाणी, शेती, आरक्षण असल्या विषयावर इंग्रजीत तोंड उघडायची वेळ आली की मात्र गाडी अडते. शब्द पाठ असतात आणि ऐन वेळी सापडत नाहीत.

यावर माझं एक मत इतक्या वर्षांच्या कामातून पक्कं झालंय. शब्द विसरण्याचा संबंध स्मरणशक्तीशी कमी असतो. ते कशासाठी गोळा केले, याच्याशी जास्त असतो. एका मुलीच्या निमित्तानं ते सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

ती राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. गाव जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर, पार शेवटाकडं. आई घेऊन आली होती. ‘पोरगी रात्रभर लाइट चालू ठेवतीय, जेवणाकडं ध्यान नाही,’ ही आईची तक्रार. झालं होतं ते एवढंच, की एका सेमिनारला ती इंग्रजीत बोलायला उभी राहिली, दोन वाक्यांनंतर अडली, मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि ती खाली बसली. त्या दिवसापासून तिनं वर्गात जाणं कमी केलं आणि रोज तीस शब्द पाठ करायचं व्रत घेतलं.

वही सोबतच होती. लाल शाईत शब्द, निळ्या शाईत अर्थ, वर तारीख. इतकी नेटकी वही दिसली की मी जरा सावध होते.

‘किती झाले?’

‘दोन हजाराच्या वर गेलेत, मॅडम. पण बोलायला गेलं की एक बी येईना.’

मी मधलंच एक पान उघडलं. ‘पर्स्पिकेशस’, ‘ओब्फस्केट’, ‘ग्रँडिलोक्वंट’.

‘यातला एखादा तुला सेमिनारमध्ये लागला होता का?’

ती थांबली. ‘नव्हता लागला.’

‘मग पाठ कशाला केला?’

‘शिकलेल्या माणसाला येतेत असले शब्द.’

‘आणि नाही आले तर?’

‘तर काय. आपण खेड्यातलेच.’

हे शेवटचं वाक्य बाहेर यायला बऱ्याच भेटी गेल्या. इथं मी ते लगेच आणलंय. पण तिची सगळी अडचण त्या वाक्यात होती.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्या बाजूची मी आहे आणि ते लपवत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दल मनात धरलेला हट्ट जास्त छळतो. चांगलं इंग्रजी यावं, ही झाली इच्छा. भारी शब्द आले नाहीत तर मी कमअस्सल, हा झाला हट्ट. इच्छा असलेला माणूस अडला तर दुसरा शब्द शोधतो. हट्ट धरलेला अडला की त्याचं सगळं लक्ष लोकांच्या चेहऱ्यांकडं जातं, आणि मग डोक्यात असलेला शब्दही तोंडात येत नाही. आईनं तोवर ब्राह्मीचं सिरप आणून ठेवलं होतं. ते पिऊन हा हट्ट कसा उतरणार?

वहीची रीतसुद्धा तिच्या विरोधातच होती. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं माणूस कसा विसरतो हे शोधायला स्वतःवरच प्रयोग केले. तो मुद्दाम निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायचा आणि त्या किती टिकतात ते मोजायचा. १८८५ साली त्यानं हे काम प्रसिद्ध केलं. पाठ केलेल्यातलं बहुतेक पहिल्या दिवसातच निसटतं, असं त्याला दिसलं होतं. ‘ग्रँडिलोक्वंट’ हा शब्द आमच्या या मुलीसाठी जवळजवळ तशीच निरर्थक अक्षरजोडी होती. तिच्या जगण्यात त्याला काही कामच नव्हतं.

लागणारे शब्द निराळे असतात, आणि ते मोजलेही गेलेत. मायकेल वेस्ट या इंग्रजी शिकवण्याच्या अभ्यासकानं १९५३ मध्ये रोजच्या वापराच्या साधारण २,००० इंग्रजी शब्दांची यादी केली. पुढं २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचं विद्यापीठीय लेखन तपासलं आणि त्या पहिल्या २,००० च्या पलीकडची ५७० शब्दकुळं काढली. एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ. अभ्यासाच्या लेखनातला साधारण दहावा हिस्सा एवढ्या कुळांनी व्यापलेला असतो. त्यात कोणते शब्द आहेत? पॉलिसी, रिसोर्स, डिस्ट्रिब्यूट, अ‍ॅलोकेट, रेग्युलेट, रीजन, इम्प्लिमेंट, कॉम्पेन्सेट, मायग्रेट. गंमत बघा, हे शब्द मुलं वहीत लिहीतच नाहीत. वाचताना ओळखीचे वाटतात ना! वहीत मान मिळतो अनोळख्यांना, आणि बोलताना घात होतो तो या अर्धवट ओळखीच्यांवर.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पुढच्या वेळी आणखी शब्द पाठ करून आली. माहिती दिल्यानं माणूस बदलत असता तर आमचा धंदा बसला असता.

मग एका भेटीत मी इंग्रजीचा विषयच बाजूला ठेवला. ‘तुमच्याकडं कॅनॉलचं पाणी येतं का गं?’ एवढंच विचारलं.

ती खुर्चीत पुढं सरकली. ‘कशाचं येतंय, मॅडम! कागदावर आम्ही कमांडमधी. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाणीपट्टी भरायची. वरचे मोटारी टाकतेत, उपसतेत. आमच्या पाळीला चारी कोरडीच. टेलवाल्याचं कुणी ऐकत नाही.’ कमांड म्हणजे कालव्याचं लाभक्षेत्र, टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. त्यानंतर ती बराच वेळ थांबलीच नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, उशिरा सुटतं म्हणजे नेमकं काय होतं, गव्हाचं शेवटचं पाणी चुकलं की दाणा कसा बारीक राहतो, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं म्हटलं की दरवर्षी काय तमाशा होतो. जो आवाज सेमिनारमध्ये दोन वाक्यांत संपला होता, तोच हा आवाज.

‘हेच आता इंग्रजीत सांग. समोर तुझी धाकटी बहीण बसलीय असं समज.’

‘वॉटर डझ नॉट रीच अवर व्हिलेज. फार्मर्स अ‍ॅट द हेड टेक मोअर. वी पे, बट वी डोन्ट गेट.’

व्याकरण ठीक, मुद्दा त्याहून ठीक. आणखी चार वाक्यं आली. मग ती अडली. पण या वेळी अडणं वेगळं होतं. खाली बघण्याऐवजी तिनं माझ्याकडं बघितलं. ‘मॅडम, सगळ्यांना सारखं पाणी नाही म्हणायचं मला. कुणाला किती गरज, कुणाकडं किती शिल्लक, ते बघून न्यायानं वाटा, असं म्हणायचंय. ‘इक्वल’ बसत नाही इथं. काय म्हणायचं?’

‘इक्विटेबल.’

‘म्हणजे समन्यायी वाटप म्हणतेत, ते?’

‘तेच.’

ती गप्प झाली, मग वही ओढून भराभर पानं उलटू लागली. लाल शाईत तो शब्द तिथं होता. ‘इक्विटेबल – न्याय्य, रास्त.’ वर तारीख होती. पाठ केलेला, बहिणीकडून म्हणवूनही घेतलेला. ती त्या पानाकडं बघत राहिली आणि मग मोठ्यानं हसली. ‘हा तर माझ्याकडंच होता!’

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. त्या दिवशी मला जे लख्ख दिसलं ते असं: शब्द वहीत आधी आला होता आणि त्याची गरज नंतर आली, म्हणून तो मेलेला होता. गरज आधी आली, ‘इक्वल’ बसत नाही ही टोचणी आधी लागली, की तोच शब्द एका वेळेत बसतो. शिवाय त्या टोचणीच्या वेळी ती स्वतःकडं बघत नव्हती. तिचं लक्ष टेलच्या पाण्याकडं होतं. ‘आपण खेड्यातलेच’ हे वाक्य त्या भेटीत तिच्या तोंडी एकदाही आलं नाही. उलट खेड्यातली असल्यामुळंच तिच्याकडं सांगण्यासारखं काही होतं.

पुढच्या वेळी ती २००५चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा वाचून आली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. एंटायटलमेंट, अपस्ट्रीम, अ‍ॅलोकेशन, रेग्युलेटरी हे शब्द ती पाण्याबद्दल भांडता भांडता वापरत होती. सेमिनार तिनं त्याच विषयावर दिला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा प्राधिकरणाचा २०१४चा आदेश तिनं समजावून सांगितला. मधे एकदा शब्द अडला, तेव्हा तिनं तीच गोष्ट साध्या शब्दांत फिरवून सांगितली आणि पुढं गेली.

मराठवाड्याला खरं तर हे शिकवायची गरज पडू नये. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, कचेरीचा कारभार उर्दूत होता, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू होतं. जमिनीसाठी कचेरीचे खेटे घालणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसालाही दरखास्त, जप्ती, वसुली, तगाई (सरकारी शेतीकर्ज) या कचेरीच्या शब्दांचा नेमका अर्थ माहीत असायचा. त्यानं वही कुठं केली होती?

आता येणाऱ्यांना मी काय सांगते ते लिहिते.

महिनाभर एकच विषय धरा, आणि तो असा धरा की ज्यावरून तुम्ही घरात किंवा पारावर वाद घालू शकाल. लातूरचा असाल तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी. अनुशेषाचा, म्हणजे आपला भाग विकासात मागं राहिल्याचा, राग येत असेल तर तो अनुशेष मोजणारा १९८४चा दांडेकर समितीचा अहवाल आणि विकास मंडळांबद्दलचं घटनेतलं ३७१(२) कलम. बीडच्या एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलाला मी फक्त विचारलं, की उचल, मुकादम आणि कोयता या तीन गोष्टी परक्या माणसाला इंग्रजीत कशा समजावशील? कोयता म्हणजे इथं नवरा-बायकोची जोडी, हे सांगता सांगताच त्याला डेट, काँट्रॅक्टर, सीझनल मायग्रेशन, वेज अ‍ॅडव्हान्स हे सगळं लागलं. त्याचा महिना त्यातच गेला आणि तो कारणी लागला.

आधी मराठीत वाचा, मगच इंग्रजीत. यात कमीपणा मानू नका. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असंच छापलं होतं. संविधानाची दोन्ही भाषांतली प्रत शेजारी ठेवा. उद्देशिका तर शाळेपासून तुम्हाला पाठ आहे. सार्वभौम, बंधुता, व्यक्तीची प्रतिष्ठा हे कळलेलं असताना सॉव्हरिन, फ्रॅटर्निटी, डिग्निटी अवघड का वाटावेत? राज्याच्या भाषा संचालनालयानं राज्यशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश काढलेत, ते इंटरनेटवरही बघता येतात. मुलं गाइडवर पैसे घालतात आणि हे उघडूनही बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

शब्द एकटा लिहू नका, तो ज्यांच्यासोबत येतो त्यांच्यासह लिहा. अ‍ॅलोकेट पाण्याला, निधीला, जागांना लागतो. इम्प्लिमेंट धोरणाला आणि योजनेला. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, पुन्हा पंधरवड्यानं तो बोलण्यात वापरा. नुसतं वाचून ‘हो, येतो’ म्हणायचं नाही. अडलात तर थांबू नका, शब्दाला वळसा घालून मुद्दा सांगा. या वळसा घालण्याचाही सराव करावा लागतो; मी तो माझ्यासमोर करून घेते.

शब्दांचीच थेट परीक्षा असेल तर याद्या पाठ कराव्या लागतात, तिथं माझा विरोध नाही. पण यूपीएससीची मुलंही याद्या घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी जुना पेपर उघडून बघायला लावते. मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा. त्यात २५ टक्के मिळवून पात्र व्हायचं असतं, ते गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न, सारांश आणि थोडं व्याकरण. त्यासाठी रोज एक इंग्रजी अग्रलेख घ्या, एक तृतीयांशात आटोपता येतो का बघा, आणि तो घरात कुणाला तरी मराठीत सांगा. घरच्यांनीही ऐकून घ्यावं. पाहुण्यांसमोर ‘जरा इंग्रजीत बोलून दाखव’ मात्र म्हणू नये.