शस्त्रक्रिया चालू असताना घेतलेले त्रिमितीय चित्र धुरकट का दिसते?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या कमरेच्या मणक्यांवर गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली आणि चार स्क्रू बसवण्यात आले. आठवडाभर आधीच सीटी स्कॅन काढलेला होता. तरीही टेबलावर, जखम उघडी असतानाच, सी-आर्म यंत्र त्यांच्याभोवती फिरवून पुन्हा त्रिमितीय चित्र घेतले गेले. डॉक्टरांनी दोन्ही चित्रे आम्हाला दाखवली. आधीचे अगदी स्वच्छ होते, शस्त्रक्रियेतले मात्र धुरकट, आणि स्क्रूंभोवती काळे-पांढरे पट्टे. माणूस तोच, क्ष-किरणही तेच, मग एवढा फरक का? त्यात सुधारणा होऊ शकत नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या चित्राची गरज का पडली, ते आधी पाहू. सीटी स्कॅनच्या वेळी आपले वडील उताणे झोपले होते. शस्त्रक्रियेत त्यांना पालथे ठेवले गेले, आणि तेवढ्याने मणक्यांची एकमेकांशी असलेली ठेवण बदलते. शिवाय आधीच्या चित्रात स्क्रू नव्हतेच. मणक्याच्या मागच्या बाजूने पुढच्या भागाकडे जाणारा हाडाचा जो अरुंद पूल असतो, ज्याला पेडिकल म्हणतात, त्यातूनच स्क्रू न्यावा लागतो. कमरेच्या खालच्या मणक्यांपाशी मज्जारज्जू संपलेला असतो, पण पायांकडे जाणाऱ्या नसा या पुलाला अगदी लागून असतात. स्क्रू दोन-तीन मिलिमीटर सरकला आहे हे दुसऱ्या दिवशी कळले, तर रुग्णाला पुन्हा भूल देऊन जखम उघडावी लागते. तेच टेबलावर कळले, तर पाच-दहा मिनिटांत स्क्रू बदलता येतो.

आता धुरकटपणाकडे वळू. सीटी यंत्रात क्ष-किरण सोडणारी नळी आणि ते टिपणारा डिटेक्टर एका बंदिस्त कड्यात बसवलेले असतात, एक फेरी सेकंदाभरात किंवा त्याहूनही कमी वेळात पूर्ण होते, आणि किरणांचा झोत पातळ पंख्यासारखा असतो. सी-आर्म ही चाकांवर ढकलत आणायची, दोन्ही टोके मोकळी असलेली कमान. ती रुग्णाभोवती अर्ध्या वर्तुळाहून थोडी अधिक फिरते, त्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतो, आणि एवढ्या वेळात काहीशे सपाट छायाचित्रे घेतली जातात. म्हणूनच भूलतज्ज्ञ तेवढ्यापुरता रुग्णाचा श्वास थांबवून धरतात. कमान स्वतःच्या वजनाने किंचित वाकते. हे वाकणे मोजून हिशेबात धरले नाही, तर हाडाची प्रत्येक कड दुहेरी दिसू लागेल. त्यासाठी बारीक पोलादी गोळ्या ठराविक जागी बसवलेला एक नमुना ठेवून यंत्राची भूमिती आधी मोजून घेतात.

मात्र सर्वांत मोठा त्रास विखुरलेल्या किरणांचा आहे. सी-आर्मचा झोत शंकूच्या आकाराचा असतो आणि शरीराचा मोठा भाग एकाच वेळी उजळतो. शरीरात आपटून दिशा बदललेले किरण त्यामुळे डिटेक्टरवर भलत्याच जागी पडतात. जाड कंबरेच्या बाबतीत अशा वाट चुकलेल्या किरणांचा वाटा सरळ आलेल्या किरणांहूनही अधिक होऊ शकतो. पहाटेच्या धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पाहिल्यासारखे ते असते : प्रकाश भरपूर, पण गाडीचा आकार कळत नाही. डिटेक्टरपुढे जाळी बसवून यांतले काही किरण अडवता येतात. उरलेले किती आणि कोठे पडले असतील याचा संगणकावर अंदाज बांधून ते वजा केले जातात. हाडांपेक्षा मऊ ऊतींच्या चित्रात या दुरुस्तीचा फायदा अधिक दिसतो, कारण तेथे मुळात छटांचा फरकच थोडा असतो.

शंकूच्या झोतातून घेतलेल्या छायांपासून त्रिमितीय चित्र रचण्याची सर्वांत रूढ पद्धत 1984 साली फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी मांडली. हे तिघेही अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीचे संशोधक होते. मोटारींच्या कारखान्यातून आलेले गणित आज शस्त्रक्रियागृहात चालते, याची मला नेहमीच गंमत वाटते. त्या पद्धतीला एक मर्यादा मात्र आहे. 1983 साली टाय या गणितज्ञाने दाखवले, की शरीराला छेदणारे प्रत्येक प्रतल जर नळीच्या मार्गालाही कोठेतरी छेदत असेल, तरच माहिती पूर्ण मिळते. नळी एकाच सपाट वर्तुळात फिरली, तर त्या वर्तुळाला समांतर असलेली प्रतले निसटतात. मणक्यांचे वरचे आणि खालचे सपाट पृष्ठभाग नेमके तसेच असतात, त्यामुळे चित्राच्या मध्यापासून दूर गेल्यावर ते फिसकटल्यासारखे दिसतात. येथे गणित कितीही सुधारले तरी उपयोग नाही, कारण मुळात मोजलेच नाही ते हिशेबातून येत नाही. मोटरवर चालणाऱ्या नव्या कमानींना थोडे तिरपे किंवा लाटेसारखे वर-खाली फिरवून ही उणीव भरून काढता येते, आणि कोणत्या रुग्णासाठी कोणता मार्ग घ्यावा हे आधीच ठरवण्यावर बरेच संशोधन झाले आहे.

आपण पाहिलेले पट्टे स्क्रूंमुळे आले. धातूतून पार होणारे किरण फार थोडे असतात. जे पार होतात त्यांत कमी ऊर्जेचे किरण गाळले गेलेले असतात, आणि संगणकाला हा फरक हाडाचा की धातूचा हे ओळखता येत नाही. म्हणजे नेमकी जेथे नजर हवी, त्या स्क्रूच्या कडेलाच चित्र सर्वांत वाईट. यावरचा मला सर्वांत पटलेला उपाय बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली मांडला. स्क्रूचा आकार आणि धातू कारखान्याला अगदी बारकाईने माहीत असतो. मग संगणकाने तो नव्याने शोधत का बसावे? ‘हा स्क्रू आहे’ हे गृहीत धरून तो कोठे आणि कोणत्या कोनात बसला आहे एवढेच काढायचे, आणि भोवतालचे हाड त्याबरोबरच रचायचे. आधीच्या सीटी स्कॅनचाही असाच उपयोग होतो : जे बदललेले नाही ते तेथून घ्यायचे आणि नव्या, थोड्या किरणांतून फक्त बदल टिपायचा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेनेही चित्रे स्वच्छ केली जातात. तिचा वेग मोठा आहे आणि चित्रातला गोंगाट, म्हणजे दाणेदार ठिपके, काढण्यात ती पटाईत आहे, पण मी येथे सावध आहे. हजारो निरोगी पेडिकल पाहून शिकलेली प्रणाली तुटलेल्या भिंतीच्या जागी सुबक भिंत रेखाटू शकते. अशा सुंदर चित्रापेक्षा आपण पाहिलेले पट्ट्यांचे चित्र बरे, कारण त्यात निदान जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून कळते. आपल्या वडिलांच्या डॉक्टरांना त्या चित्रातून स्क्रू हाडाबाहेर गेला आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. ते त्यांना दिसले असेल, तर चित्राने आपले काम केले.

प्रश्न : मी परिचारिका असून अशा शस्त्रक्रियांमध्ये मदत करते. या स्कॅनमुळे आम्हाला आणि रुग्णाला किती धोका आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रुग्णाला मिळणारी मात्रा यंत्र, शरीराची जाडी आणि निवडलेली सेटिंग यांवर अवलंबून असते, कमरेसाठी ती साधारणपणे काही मिलिसीव्हर्टच्या (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) घरात असते. तुलनेसाठी सांगायचे, तर निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. रुग्णांसाठी कायद्याने कमाल मर्यादा नाही. तेथे गरज आणि काटकसर हेच निकष आहेत. कर्मचाऱ्यांसाठी मात्र अणुऊर्जा नियमन मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. कमान फिरत असताना सर्वांनी खोलीबाहेर किंवा शिशाच्या पडद्याआड जावे. ते शक्य असल्यामुळेच, टेबलाशी उभे राहून पुनःपुन्हा साधी छायाचित्रे घेण्यापेक्षा हा स्कॅन आपल्यासाठी बहुधा कमी त्रासाचा ठरतो. एप्रनखाली छातीवर लावायचा मात्रामापक बॅज कपाटात ठेवून कामाला जाणारे अनेक जण मी पाहिले आहेत; आपण तसे करू नये.